सोनचाफ्याची गुटी

दादा,

झाडं तोडणारे सकाळी आले होते. महिन्याने या म्हणून मी त्यांना परत पाठवलं. तुला न विचारता केलं, चुकलंच. मुळांनी भिंतीला तडा गेलाय, त्यावर माझा वाद नाही. पण सोनचाफ्याच्या खिडकीकडच्या फांदीची साल सोलून, ओली माती नि प्लास्टिक गुंडाळून मी गुटी बांधली आहे. तिला मुळं फुटेपर्यंत प्लास्टिक सोडून बघू नकोस.

मग ती फांदी कापून मी माझ्या अंगणात लावीन. आईलाही तेव्हाच नेईन. चाफ्याचा वास आला की ती अजून उठून बसते. आत्ता जेवून झोपली आहे.

तिला नेण्याबद्दल तुला समोर विचारलं नाही. तू लगेच हो म्हणाला असतास, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

धाकटी