चामटोलीच्या गोठ्याची माती

मॅडम,

या आठवड्यात माझ्या विद्यार्थ्यांच्या तीन बरण्यांपैकी गोठ्याच्या मातीची बरणी सगळ्यांत पुढे गेली. बाकीच्या दोन्हींतल्या वाळूमाशीच्या अळ्या अजून किडकिडीतच आहेत, आणि हिच्यातल्या खाऊनपिऊन कोषात गेल्यासुद्धा. मुलं खूश झाली. मला मात्र तोंड कुठे लपवू असं झालं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून आता लिहायचं धाडस होतंय, हेही काही शोभेसं नाही.

उल्हासनगरच्या कॉलेजात तुम्ही शिकवायचात तेव्हा आमच्यापैकी कुणी वाळूमाशी पाहिलेली नव्हती. डासाहून बारीक, केसाळ, पंख उभे धरून बसणारी. नाव वाळूमाशी असलं तरी वाळूत शोधू नका, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. डासाच्या अळीला साचलेलं पाणी लागतं, हिच्या अळीला नुसती ओल, अंधार आणि खायला काहीतरी कुजलेलं. जागा चांगली मिळाली की अळ्या लवकर वाढतात, जास्त जगतात, आणि मग काळ्या आजारासारखी दुखणी पसरवणाऱ्या माश्याही वाढतात. तुमचा संशय चामटोलीच्या एका मावशींच्या गोठ्यावर होता. तुम्ही त्यांना भिंतीच्या भेगा लिंपायला आणि ओलं शेण रोजच्या रोज उचलायला लावलं होतंत. फक्त एक कोपरा मुद्दाम तसाच ठेवलात. दर आठवड्याला त्या कोपऱ्यातली माती खरवडून आणायची, घरी वाळवून चाळायची आणि बरणीतल्या अळ्यांना घालायची, हे काम माझं.

पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर होतात आणि मावशींनीच माती खरवडून दिली. दुसऱ्या खेपेला मी एकटी निघाले आणि चामटोलीच्या फाट्यावरून परत फिरले. आमच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढलं होतं. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात लागले तेव्हापासून त्यांचं एक वाक्य आमच्या घरात पाठ होतं, की माझ्या पोरीच्या हाताला शेण लागणार नाही. तेच वाक्य घोकत मी आमच्या मोरिवलीत कंपनीच्या भिंतीलगतची माती खणली, वाळवली, मैद्यासारखी चाळली आणि पुडीवर लिहिलं, चामटोली, गोठा. पुढे दर आठवड्याला तेच केलं. चाळलेल्या कोरड्या मातीला वास तो काय येणार? तुम्ही पुडी हातात घेऊन म्हणायचात, अशी माती आजवर कुणी चाळली नाही.

बरणीतल्या अळ्या रोडावल्या, निम्म्या मेल्या. तुम्ही दोन दिवस त्या पुन्हा पुन्हा मोजल्यात. मग म्हणालात, चल, चामटोलीला जाऊन येऊ.

मावशी वैरण टाकत होत्या. तुम्ही चपला काढून त्यांच्यासमोर उभ्या राहिलात. मला अजून ते दिसतं. तुम्ही म्हणता, "मावशी, माझं चुकलं. तुमच्या गोठ्यात तसं काही नाही. उगाच कष्ट दिले तुम्हाला."

मावशी हसतात. "तवा आता लिंपाया नको ना?"

"नको," तुम्ही म्हणता.

मी तुमच्या शेजारीच उभी आहे. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. मी गव्हाणीकडे बघत राहते.

कॉलेजच्या शेवटच्या दिवशी तुम्ही मला तुमची पितळी चाळणी दिलीत. मी ती घेतली, वर वाकून नमस्कारही केला. आजही माझ्या प्रयोगशाळेत मी तीच वापरते, आणि मुलांना सांगते, आमच्या मॅडमनी दिली. का दिली ते सांगत नाही.

मागच्या दिवाळीत बाबांना एकदाचं सगळं सांगितलं. वाटलं, ते तरी माझी बाजू घेतील. ते हातातली कपबशी खाली ठेवत म्हणाले, "अगं, मी मजुरीच्या शेणाबद्दल बोलत होतो. हे तर शिक्षण होतं. मला विचारायचंस तरी." मी विचारलं नव्हतं, कारण ते हो म्हणतील हे मला तेव्हाही माहीत होतं. मलाच किळस आली होती, आणि त्याहून जास्त, कुणी बघेल याची लाज. बाबांचं वाक्य मी नुसतं पुढे केलं.

यंदा माती आणायला मी मुलांना त्याच गोठ्यात पाठवलं आणि स्वतः फाट्यावर रिक्षात बसून राहिले. मुलं पिशव्या भरून परत आली. मावशी थकल्यात, पण बोलतात छान, म्हणाली. भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा आहेत. मुलांनी लिंपायला सांगितलं, तर मावशींनी त्यांनाच समजावलं, "नको रं बाबा. आमच्या कॉलेजच्या बाई सांगून गेल्यात, हितं काय नाय. लय शिकल्याली बाई व्हती, खोटं नाय बोलायची."

हे ऐकून मी मुलांना चहा पाजला आणि रिक्षावाल्याला परत फिरायला सांगितलं.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे मॅडम, हे पत्र कुठे जायचंच नाही. सांगायचं आहे ते मावशींना, आणि फाट्यापासून त्यांचा गोठा चालत दहा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेले नाही.