गुंजनचे साक्षगंध आणि लंडनचे घड्याळ

रामदासपेठ, नागपूर
मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६
(ही तारीख मी हाताने लिहिली आहे, म्हणून बरोबर आहे.)

चि. रजत यास आत्याचे आशीर्वाद.

तुझी तब्येत ठीक असेलच. दुसऱ्यांची बिघडवणाऱ्यांची सहसा ठीकच असते. माझे गुडघे अजून शाबूत आहेत, हे मला शनिवारी पळताना कळले.

माझ्या गुंजनच्या साक्षगंधाच्या पत्रिका छापू नका, मी वेबपेज करतो, असे तूच म्हणालास. मी तारीख दिली रविवार, बावीस. पानावर दिसली शनिवार, एकवीस. मी तपासली नाही, कारण इंजिनिअर घरातला होता. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वहीत तारीख चुकली तर सिस्टर पान फाडायच्या. तुझे पान कुठून फाडायचे ते कळव.)

शनिवारी सकाळी मी गाऊनमध्ये, केसांना मेंदी, पडदे बादलीत आणि दारात काटोलहून आलेले, हॉलला कुलूप पाहून घरी वळलेले मुलाकडचे वीस लोक! मागच्या एका ठिकाणी चहा गार मिळाला म्हणून ही मंडळी उठून गेली होती, हे ऐकून मी आधीच धास्तावले होते. पुढे गुंजनच्या होणाऱ्या सासूबाई, पंचफुलाबाई, हातात ओटीचे ताट. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "काहून बाई, पाहुणे येऊन राहिले हे ठाऊक नव्हतं का तुमाले?" लग्न मोडले, असे मी धरूनच चालले.

मोरीत दडून तुला फोन केला, तर तू म्हणतोस, "आत्या, डेटाबेसमध्ये तारीख बरोबरच आहे, फक्त दाखवताना चुकली." तुझे पान म्हणे लंडनच्या घड्याळावर चालते आणि आपल्याकडे मध्यरात्री बावीस तारीख लागते तेव्हा तिथे एकविसाची संध्याकाळ असते. अरे, साखर डब्यात आहे म्हणून चहा गोड होतो का? आणि लंडनहून कोण येणार होते?

बाहेर येते तो पंचफुलाबाईंनी पदर खोचलेला. "बाई, तुमी आधी केस धुवा. सैपाकाचं आमी पाह्यतो." त्यांनी वांग्याची भाजी केली, पुऱ्या तळल्या, त्यांच्या यजमानांनी पडदे पिळून वाळत घातले. रविवारी हॉलमध्ये हीच मंडळी मला प्रथमच भेटत असल्यासारखी गंभीरपणे नमस्कार करत होती.

तेव्हा ते पानाचे घड्याळ आजच्या आज दुरुस्त कर. सबबी नकोत.

तुझी आत्या,
वंदना

ता. क. लग्नाची तारीखही त्याच पानावर टाकायची आहे. डोळ्यांत तेल घालून टाक.

ता. क. दुसरा. काटोलकरांना मात्र ती एक दिवस आधीची दिसू दे. दोन वर्षे बायोडाटे वाचून जे कळले नाही, ते त्या एका सकाळी कळले. गुंजनची काळजी आता मला नाही. शिवाय पुरणपोळ्या लाटायला माणूस हवे. तुला चूक करता येते हे पाहिले. आता एक मुद्दाम करून दाखव.