फोंडाघाटात फुटलेला ब्लॉक

११ एप्रिल, शुक्रवार

आमची पिकअप बसली. फोंडाघाटात, ऐन चढावर! मागे हापूसच्या पेट्या, कोल्हापूरचा बाजार गाठायचा होता, आणि आम्ही दोघं वळणावर बॉनेट उघडून उभे. वाफ एवढी की समोरचा गुरुदास दिसेना.

"सांतान, पाणी ओतूया काय?" तो ओरडला. थांब, जरा थंड होऊ दे, असं मी म्हणणार – तोवर हा टपरीवर पळाला, माठातलं गार पाणी कळशीभर घेऊन आला आणि ओतलंसुद्धा. आतून टण् असा आवाज आला. लहानसाच.

नंतर चावी फिरवली तर पांढरा धूर. मग तोही नाही.

मागून येणाऱ्या ओळखीच्या गाडीत पेट्या भरून दिल्या. आमची गाडी दोर बांधून उलटी खाली, कुडाळला. आंबे कोल्हापूरला पोचले. आम्ही नाही.

१२ एप्रिल, शनिवार

दिवसभर कौस्तुभच्या गॅरेजमध्ये. कुडाळच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली असतो तो. ऑइल बघायची सळी बाहेर काढून माझ्या नाकासमोर धरली – ऑइल कसलं, दुधाचा चहा! इंजिनातलं पाणी तेलात मिसळलेलं. मग इंजिनाचं वरचं हेड उतरवलं. खालचा ब्लॉक पुसून त्यावर रॉकेल फिरवलं, कोरडं केलं, वरून खडूची पूड लावली. थोडा वेळ काहीच नाही. मग दोन सिलिंडरच्या मधोमध एक ओली रेघ हळूहळू उमटली. केसाएवढी.

"ब्लॉक फुटलो, काका. वेल्डिंग करून गावात फिरशात, पण घाट चढूचो नाय. दुसरो ब्लॉक बगूक होयो." मग त्याने मान वर केली. "तापल्या इंजिनात गार पाणी कोणी ओतला?"

गुरुदास आपल्या चपलांकडे बघायला लागला. कान लाल.

"मी," मी म्हटलं.

एवढी वर्षं गाडी चालवतोय हा म्हातारा आणि एवढं कळत नाही, असं कौस्तुभच्या तोंडावर दिसत होतं. असू दे.

एस.टी.त गुरुदास खिडकीबाहेर बघत बसला. हा आणि गप्प! गाडी आमची अर्धी-अर्धी. मी चालवतो, माल तो बघतो – बागायतदार, पेट्या, दलाल सगळं त्याच्याकडे. स्टिअरिंगला त्याने जन्मात हात लावलेला नाही. पण तोंड मात्र सगळ्या वाटेभर चालू. आज त्याच्या गावी, कट्ट्याला उतरला तेव्हा 'येतंय' एवढंही म्हणाला नाही.

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. आंब्याच्या दिवसांत मी चर्चला पूर्ण मिस्साभर जागा राहिलो, हे पहिल्यांदाच. एरवी रात्रभर गाडी चालवून यायचं आणि प्रवचनात मान टाकायची. फादरना बाहेर आल्यावर हसू आवरेना. "सांतान, आज डोळे उघडे?" म्हणाले.

अ‍ॅनीने घरी आल्यावर झावळीचा क्रूस दारावर खोचला. दुपारी तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं. पोटभर झोपलो.

१६ एप्रिल, बुधवार

आज काही केलं नाही. छान!

१७ एप्रिल, गुरुवार

पहाटे उठायची सवय जात नाही. मग गरी घेऊन खाडीवर जातो. दोन मासे मिळाले, शेतकं; एक पिशवीतून निसटलं. येताना पोदेराकडून पाव घेतले. अ‍ॅनी म्हणाली, "गाडी बंद पडल्यापासून तुमी माणसात इल्यात." खरं आहे. पाठ दुखत नाही. पोट जळत नाही. हे गुरुदासला सांगायची सोय नाही – तो बिचारा ब्लॉक शोधत वणवण फिरतोय. कणकवली झाली, सावंतवाडी झाली. रोज फोन. "सांतान, गावतलो रे, तू काळजी करू नको."

मी काळजी करतच नाहीये!

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. गुरुदास आणि त्याची बायको लक्ष्मी आले. लक्ष्मीने काजूच्या ओल्या गरांची उसळ आणली, अ‍ॅनीने कोंबडीची शागोती आणि वडे केले. बायकांच्या गप्पा, हसणं. गुरुदास एरवी वड्यांवर तुटून पडतो, आज दोनच खाल्ले. अंगणात आलो तेव्हा हळूच म्हणाला, "कौस्तुभाक तू कित्याक तसा सांगलंस?"

"कसा?"

"सोड," म्हणाला.

मीही सोडलं.

चहा ओतताना मात्र माझी फजिती झाली. कप उजव्या कडेला होता, मी बशीत ओतला. अ‍ॅनीने सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. ते गेल्यावर म्हणाली, "दाराच्या चौकटीक खांदो लागता, चहा बशीत जाता. आता गाडी नाय, सबब नाय. डोळ्यांच्या डॉक्टराकडे जावया."

२४ एप्रिल, गुरुवार

कुडाळ. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला बरी. एका पांढऱ्या यंत्रात डोकं घालून बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, यंत्र मधेच बंद पडतंय. बंद पडत नव्हतं. ठिपके येत होते, मला दिसत नव्हते.

"काचबिंदू आहे, काका. समोरचं चांगलं दिसतंय, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. कडेचं बरंच गेलंय. गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज घातले तर आहे ते टिकेल."

"आणि गाडी?"

"गाडी आता नाही चालवायची."

बाहेर येऊन बाकावर बसलो. अ‍ॅनीने लिंबूसोडा आणला. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. समोर अ‍ॅनी होती, बाटली पुढे केलेली, घामाने कपाळाला केस चिकटलेले – सगळी दिसत होती, अगदी स्वच्छ. पुरे की!

पण ज्या गाडीसाठी गुरुदास पायाला चाकं लावून फिरतोय ती मी चालवणार नाही, हे त्याला कोण सांगणार?

२५ एप्रिल, शुक्रवार

फोन केला. सांगायचं होतं. त्यानेच आधी सुरुवात केली – गगनबावड्याला एक ब्लॉक कळलाय, बघायला चाललाय. मी "बरां" म्हणून ठेवला.

अ‍ॅनी म्हणते मी भित्रा आहे. आहे.

३ मे, शनिवार

ब्लॉक मिळाला! गगनबावड्याचा नव्हेच, फोंडाघाटातच. मागून ट्रकने ठोकलेली आमच्यासारखीच एक पिकअप तिथं उभी होती, मागचा भाग चपटा, इंजिन मात्र शाबूत. गुरुदासने तो ब्लॉक तरटात गुंडाळून कुणाच्यातरी टेम्पोतून कुडाळला आणला. सगळी वाट मागे हौद्यात, ब्लॉकला धरून बसला होता. कौस्तुभने हसत हसत सांगितलं, "काका, लेकराक घेवन इले तसे इले."

मी गेलो तेव्हा रॉकेल-खडू चालू होतं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पूड कोरडीच राहिली. रेघ नाही! गुरुदासने माझ्या पाठीत गुद्दा मारला आणि हसला. घाटानंतर पहिल्यांदाच. मग तोंड सुरू झालं ते थांबेना – दलाल काय म्हणाला, पावसाआधी किती फेऱ्या होतील, कौस्तुभने आर.टी.ओ.त इंजिन नंबर कधी बदलून घ्यायचा.

मी आजही नाही सांगितलं. त्याचं हसू मोडवेना.

६ मे, मंगळवार

आज सांगितलं. लिहून ठेवतो सगळं.

ब्लॉक बसला, हेड बसलं, पाणी-तेल भरलं. पहिल्या चावीत इंजिन लागलं. आवाज असा गोल, भरीव, नव्या गाडीसारखा. सळी काढली, ऑइल स्वच्छ. कौस्तुभने हात पुसले आणि चावी माझ्यापुढे धरली. "काका, एक फेरी मारून येवा."

मी हात पुढे केलाच नाही.

"माका गाडी चलवूची नाय," मी म्हटलं. "डॉक्टरान बंद सांगल्यान. कडेचा दिसणा नाय. काचबिंदू."

कौस्तुभने इंजिन बंद केलं. मी गुरुदासकडे बघायला मान पूर्ण वळवली – आता वळवावीच लागते.

"माका ठाव आसा," गुरुदास म्हणाला.

"काय ठाव आसा?"

"काचबिंदू-बिचबिंदू माका कळणा नाय. पण दिवाळीत कसालच्या तिठ्यार डावीकडसून एस.टी. इली, ती तुका दिसाक नाय. तेच्यानंतर मी बगत होतंय. म्हणान तर मी बडबडत होतंय."

मला कळेना. मग कळलं. 'डावीकडसून मोटारसायकल, पोरगो हिरो दिसता.' 'उजवीकडे म्हशी, कोणाच्या काय माहीत.' 'फुडल्या वळणार ट्रक, केळी भरलीहत.' सगळा घाट, प्रत्येक वळण! मला वाटायचं ह्याला गप्प बसवत नाही. घरी येऊन अ‍ॅनीकडे कुरकूर करायचो, की ह्याच्या तोंडाने डोकं उठतं. आणि हा शेजारी बसून माझ्या वाट्याचं बघत होता.

"माका सांगूक काय झाला तुका?" मी ओरडलोच.

"सांगूचा होता. रोज ठरवी. जीब वळा नाय." त्याचे डोळे भरले होते. "चुकलाच माझा. काय झाला असता तर?"

"मगे ब्लॉकासाठी कित्याक फिरलंस? चलवतलो कोण?"

"फोडलंय मी, आळ घेतलंस तू. तशी मोडकी गाडी सोडून कसो बसू?"

कौस्तुभ दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "म्हणजे पाणी ह्येनी ओतला?"

आम्ही दोघं एकदमच हसायला लागलो. इतके, की मला स्टुलावर बसावं लागलं. कौस्तुभने मान हलवली आणि चहा मागवला. गाडी त्यानेच संध्याकाळी मालवणला आणून आमच्या अंगणात लावली.

घरी येऊन अ‍ॅनीला बडबडीचं सांगितलं. ती उठून आत गेली. नाक शिंकरल्याचा आवाज आला.

७ मे, बुधवार

गुरुदास आला. ठरवलं – विकायची. दुसरा ड्रायव्हर ठेवून शेजारी बसायला त्याला जमायचं नाही, आणि मी घरी बसून गाडी कुठं असेल ह्याचा विचार करायचा, हे मला. आंबोलीच्या एकाला भाजीसाठी हवी आहे, रविवारी बघायला येतोय. चांगला माणूस वाटला फोनवर.

वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण गाडी चालती करून देतोय, मोडकी नाही. थेंब चालू आहेत. खाडीत मासे आहेत. मी काही तक्रार करणार नाही.

गुरुदास मात्र सगळा वेळ गाडीभोवती फिरत होता. काच पूस, टायर दाब. जाताना विचारलं, "क्लच म्हणजे डावो पाय मां?"

हो, म्हटलं. मला वाटलं, गिऱ्हाइकाला सांगायला विचारतोय.

९ मे, शुक्रवार

सकाळी दार उघडलं तर गुरुदास गाडीत बसलेला – ड्रायव्हरच्या सीटवर! पंचावन्न वर्षांचा बाप्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलेलं, इंजिन बंद, आणि कपाळाला घाम.

"काल शिकाऊ लायसन काढलंय," समोरच बघत म्हणाला. "आंबोलीवाल्याक येव नको म्हणान कळवलंय. चर्चमागच्या मैदानार जावया. माका शिकव."

मी वळसा घालून पलीकडचं दार उघडलं आणि त्याच्या जागेवर जाऊन बसलो.