आंबील की कॅप्सूल?

कर्जत, १२ फेब्रुवारी

बरेच दिवस इकडे फिरकले नाही, डायरी, माफ कर. पोटाचं दुखणं शांत झालं आणि मी आळशी झाले.

आज धाकटी जाऊ शोभा आली. तिच्या आतड्याला सूज आहे. म्हणाली, "ताई, त्या आतड्याच्या अस्तरासाठीच्या कॅप्सूलचं नाव सांगा. तुमाला लई गुण आला. डाक्टरच्या गोळ्या बंदच करते."

नाव ओठांवर आलं होतं. पण कॅप्सूल आणि रोजची ज्वारीची आंबील मी एकाच दिवशी सुरू केली. मग गुण कुणाचा? आंबिलीचाच असावा. खात्री? नाही.

म्हटलं, "आंबील पी खुशाल, गोळ्या सोडू नकोस."

"व्हय, तुमी बऱ्या व्हा, आमी गोळ्या गिळतो!"

फणकारू दे. नाव सांगितलं नाही, हेच बरोबर.

उद्या: शोभाला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जाणे.