इमॅक्युलेट घर

१८ सप्टेंबर
इंग्रजीच्या क्लासात नवीन शब्द: इमॅक्युलेट. म्हणजे नावालाही डाग नाही इतकं स्वच्छ. बाई म्हणाल्या, 'क्लीन'च्या फार पुढचा. हाच हवा होता! चुसोकच्या सणाला आमची पोर योन्जू नवऱ्याला घेऊन कॅनडाहून येतेय. ग्रॅहमला कोरियन येत नाही. दारातच सांगणार, अवर हाऊस इज इमॅक्युलेट. बायको, मालसून, गेल्यापासून बापाने घराचा उकिरडा केला असेल, असं पोरीला वाटतं. बघच म्हणावं.
शब्द पाठ. आता घर तेवढं राहिलंय.

२३ सप्टेंबर
खिडक्या पुसणार होतो. कंबर धरली. त्याऐवजी शब्द घोकला. शेवटचा ट आमच्या जिभेला सुटा म्हणवत नाही, 'टु' होतो. होईल.
योन्जूचा फोन. विमान वेळेवर मिळालं नाही, आईच्या मातीला पोचली नाही, हे अजून खातंय तिला. मधेच आंबवलेल्या कोबीच्या लोणच्याचं विचारलं, "बाबा, आईच्या हातची किमची आहे ना अजून?" म्हटलं, सगळं जागच्या जागी आहे. मग शब्द ऐकवला. "बरं" म्हणून फोन ठेवला. इम्प्रेस झाली असावी.

२९ सप्टेंबर
शेजारच्या बांग वहिनी डोकावल्या. म्हणाल्या, भाऊजी, जुन्या किमचीचा वास जिन्यापर्यंत येतोय, गोऱ्या जावयाला दारातच घेरी यायची. बाईला टोमण्याशिवाय बोलता येत नाही. पण मुद्दा बरोबर.
किमचीचा वेगळा फ्रिज मार्चपासून, मालसून गेली तेव्हापासून, उघडलेला नाही. वेळच मिळाला नाही.

२ ऑक्टोबर
उघडला. गेल्या हिवाळ्यात मालसूनने भरलेले डबे. एकाचं झाकण काढलं, डोळ्यांत पाणी आलं. मिरचीच ती. पार आंबलेली. पाहुण्यापुढे ही ठेवायची? सगळे डबे खाली ओल्या कचऱ्याच्या पिंपात रिकामे केले. फ्रिज सोडा-व्हिनेगरने घासला. दुकानातून ताजी किमची आणली. योन्जूलाही बरं.

५ ऑक्टोबर
आले. माझं वाक्य ओठांवर, तेवढ्यात योन्जू बूट काढून थेट किमचीच्या फ्रिजकडे. आतून रिकामा, पांढराशुभ्र. दार उघडं धरून उभीच राहिली. मग म्हणाली, "मी अजून रडलेले नाही, बाबा. म्हटलं, तिची किमची खाताना रडेन."
ग्रॅहमला काही कळलं नाही. आत वाकून कौतुकाने म्हणाला, इमॅक्युलेट. ट अगदी सुटा. मी थँक यू म्हणालो.

६ ऑक्टोबर
चुसोक. मालसूनची पूजा केली, जेवायला बसलो. दुकानातल्या किमचीला कोणी हात लावला नाही. मीही नाही.
सहज पाय मोकळे करायला खाली गेलो. पिंपाचं झाकण उचलून पाहिलं. सणासाठी कोणीतरी तेही धुऊन ठेवलंय.