मामीनंतरचा टाका

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. आई गेल्यावर तिची खोली आवरताना आपलं वाजलं, तेव्हापासून तुझा ना फोन, ना निरोप. मीही काही कमी हट्टी नाही, तुला ठाऊकच आहे. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला आता चैन पडणार नाही. आधी सगळं सांगते, मग विचारते.

आईची अर्धवट शाल माझ्याकडे आहे. ती पुरी करायचीच, असं मनाने घेतलं, पण कडेची नक्षी काही केल्या जमेना. शेवटी पोराने मला इंटरनेटवरच्या विणकामवाल्यांच्या एका गटात घुसवलं. अगं, जगभरची माणसं! एक म्हातारा खलाशी मोजे विणतो, एक दातांची डॉक्टर पेशंट नसला की सुया बाहेर काढते. कुणी कुणाला भेटलेलं नाही, पण टाका सुटला म्हटलं की सगळे धावून येतात. नियम एकच, लिहायचं ते इंग्रजीत.

आता आईची टाक्यांची मोजणी इंग्रजीत कशी सांगू? ती आकडे कुठे मोजायची, माणसं मोजायची! आजी सुलट, आत्या सुलट, मामा उलट, मामीला जाळी. मी मोबाइलकडून भाषांतर करून घेतलं आणि दिलं टाकून. झालं! डॉक्टरीणबाईंना वाटलं, मी अख्ख्या खानदानाला शाली विणतेय. त्यांनी मामीचं माप विचारलं. मी पोट धरून हसले, आणि हे सांगायला तू नाहीस म्हणून लगेच चिडलेही.

त्यावरून गटात चर्चा पेटली. सगळ्यांना कळेल अशी एकच भाषा हवी, नाहीतर नुसता गोंधळ होईल, असं काहींचं म्हणणं. खलाशीबुवांनी लिहिलं की इंग्रजीत मला फक्त मोजे विणता येतात, थापा मारायच्या तर माझीच भाषा लागते. मला बाई दोन्ही पटत होतं. शेवटी ठरलं, वर आपली भाषा, खाली इंग्रजी. मग मी आईच्या शब्दांत मराठीत सगळं मनापासून लिहिलं. म्हटलं, वाचणार कोण, कप्पाळ!

तर दुसऱ्याच दिवशी मराठीत उत्तर. नाव नाही, फोटो नाही, नुसतं लोकरीच्या गुंड्याचं चित्र. मामीनंतर रुसूबाई राहिली, असं लिहिलं होतं. तो टाका विणायचा नाही, नुसता उचलून दुसऱ्या सुईवर घ्यायचा.

तीनतीनदा वाचलं गं मी ते. रुसूबाई! भरल्या ताटावरून उठून कपाटामागे जाऊन बसायचीस, म्हणून आईने तुला ठेवलेलं नाव. घराबाहेर ते कुणाला माहीत असणार? आणि मी नेमकी तुलाच गाळून मोजत बसले होते, मग कड जमणार कशी?

रुसूबाईला काही बोलायचं नाही, असं आई सांगायची. अलगद उचलायचं, पुढच्या ओळीत ती आपोआप विणली जाते. म्हणून मीही काही बोलत नाही. तू त्या गटात कधीपासून आहेस, माझं सगळं वाचत होतीस का, जीव नुसता उतावीळ झालाय, तरी विचारत नाही. कड जमली आहे. शेवटची ओळ मी मुद्दाम ठेवली आहे, आणि आईच्या खोलीला अजून कुलूपच आहे. विचारायचं होतं ते एवढंच, कधी येतेस?

सुईवर टाके तसेच धरून बसलेली,
तुझीच
ताई