जावईबापूंच्या सदऱ्यांचं कापड

ता. ५ ऑक्टो. १९३८, बुधवार. जळगाव.
श्रीराम.
आलं: धुळ्याहून मोटारीनं एक बोचकं. त्यात जावईबापूंचा जुना सदरा, मापाला. कुसुमचं चार ओळींचं पत्र. मोटारवाल्याला दोन आणे.
पत्रात, 'यंदा दिवाळीला सदरे दिलेत तर घेईन म्हणाले. खादीच हवी. घरी घालायचे, शाळेत शिकवायला जायचे नव्हेत. मानेला घामोळं येतं, कापड तूच बघ.'
दोनदा वाचलं. गेल्या दिवाळीला, पहिल्या सणाला, यांनी विलायती पॉपलिनचे सदरे दिले. ज. बा.नी घडीही मोडली नाही, पाटावरच ठेवून उठले. हे म्हणाले, "मग उघडे हिंडा." तेव्हापासून पोरीचं पाऊल इथं नाही. धुळ्याची पायरी चढणार नाही, असं हेही बोलून बसलेत. आता तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, की तिकडेच? विषय कोणी काढत नाही.
पण माप आलं. देवापुढे साखर ठेवली.
यांना दाखवलं तर नुसतं "हं." सदरा मात्र उचलून उजेडात धरला. गळा विरलाय म्हणाले.

ता. ७, शुक्र.
खादीच्या दुकानात गेले. जाडीभरडी स्वस्त, पण मानेला कानस. बारीक सुताची महाग. दुकानदार म्हणाला, "माई, धुतल्यावर सगळी मऊच होते." मी कोपरा चुरगाळला, तर खळ भुरभुर हातावर. "ही धुतल्यावर निम्मी उरेल," म्हटलं. हसला आणि आतला तागा काढला. मधल्या सुताचा, खळ कमी. गालाला लावून पाहिला. एका सदऱ्याचं पांढरं घेतलं, एकाचं बारीक निळ्या रेघेचं. माझ्या लुगड्याचं पुढच्या वर्षी पाहू.
रेघ घेऊ की नको, दुकानात पाय अडला होता. घरी हे पेपराआडून, "रेघेचं बरं. नुसतं पांढरं म्हणजे सभेला निघाल्यासारखं." म्हणजे लक्ष आहे तर.

ता. ८, शनि.
काय करून बसले मी.
नवं कापड म्हणून रीतीप्रमाणे देवापुढे ठेवलं, पांढऱ्याच्या कोपऱ्याला ओलं कुंकू लावलं. खादी आटते, बेतण्याआधी पाणी दाखवायला हवं, म्हणून तशीच घडी बादलीत टाकली. रामरक्षा म्हणून येते तो पाणी गुलाबी. घडी उलगडली तर पदरोपदरी डाग. घाईनं साबण लावला, आणखीच लालभडक.
ओटीवर बसून राहिले. शुभ म्हणून लावलं आणि हे असं. मनात नको नको ते आलं. यांना सांगितलं नाही, पण बादली समोरच.

ता. ९, रवि.
सकाळी हे न विचारता बाजारातून लिंबं घेऊन आले. "चोळ." चोळलं तसं तांबडं जाऊन पिवळं झालं. "आता हळदच राहिली. हळदीला ऊन खातं," म्हणाले. आणि स्वतः गच्चीवर दोरीला कापड टाकलं. उतरलेच नाहीत. सुकलं की पाणी शिंपडायचं, फिरवायचं. डोक्याला पंचा, हातात तांब्या.
शेजारचे आबा खालून, "काय नाना, सरकारी कारकून आणि गच्चीवर खादी? साहेबानं पाहिलं तर?"
मी जिन्यात थबकले. हे म्हणाले, "जावयाची आहे. साहेबाला जावई नसेल."
आबांना हसू आवरेना. मला मात्र जिन्यातच डोळे पुसावे लागले.
तिसऱ्या प्रहरी सगळे डाग गेले. एक फिकट ठिपका राहिला, नखाएवढा.

ता. १२, बुध.
शिंप्याकडे. हा पारोळ्याकडचा, बोलणं तिकडचंच. ठिपका दाखवला. म्हणाला, "माय, कसाले घाबरस? कॉलरना पोटमा दडपी देस. कोनले दिसाव नही." म्हणजे ठिपका कॉलरीच्या आतल्या पदरात जाईल. जुन्या सदऱ्यावरून माप घेतलं. गळा मी बोटभर सैल सांगितला. माणूस वर्षानं थोडा तरी सुटलाच असेल.
घरी येऊन पोटभर जेवले. किती दिवसांनी.

ता. १८, मंगळ.
सदरे आले. शिलाई चोख. रेघा बटणपट्टीवर जुळवल्यात, सांगितलं नव्हतं तरी. ठिपका खरंच दिसत नाही. यांनी पांढरा सदरा स्वतःच्या छातीशी धरून आरशात पाहिला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

ता. १९, बुध. एकादशी.
पार्सल शिवलं. कुसुमसाठी डिंकाचे लाडू, जुना सदरा धुऊन. ज. बा.ना पत्र मी लिहिलं: सदरे पाठवले आहेत, गळा दाटतो की सैल ते पाहावे. ठिपक्याचं लिहिलं नाही. कुसुमला बाळंतपणाला आणायचंही लिहायला हात धजेना.
यांना वाचायला दिलं. टाक मागितला. खाली त्यांच्या कोर्टाच्या वळणदार अक्षरात:
'पांढऱ्याच्या कॉलरीत आतून कुंकवाचा एक ठिपका आहे. घरचाच आहे, राहू द्यावा. चि. कुसुमला आणावयास मी स्वतः कोणत्या दिवशी यावे, ते उलट टपाली कळवावे.'